चर्च स्ट्रीटच्या कुंपणावरचे नव्व्याण्णव पादचारी

२००९ च्या अखेरीस मी जर्सी सिटीत राहायला आले, तेव्हापासून माझ्या कामाच्या वाटेवर एक कुंपण होते. हडसन नदीखालून येणाऱ्या पाथ रेल्वेने वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तात्पुरत्या स्थानकात उतरायचे, व्हीसी स्ट्रीटवर बाहेर पडायचे आणि चर्च स्ट्रीट धरून उत्तरेकडे चालू लागायचे, असा माझा रोजचा क्रम होता. बार्कले स्ट्रीट ओलांडला की उजव्या हाताला ते कुंपण सुरू होई आणि पार्क प्लेसच्या कोपऱ्यापर्यंत सोबत करी. त्याच्या मागे वूलवर्थ इमारतीचा हिरवट कळस दिसे. कुंपणाच्या अलीकडे मात्र डोक्याच्या वर गेलेल्या फळ्या आणि त्यांना लागून आखडलेला फुटपाथ एवढेच होते. माहीममध्ये वाढलेल्या माणसाला बांधकामाभोवतीचे पत्रे नवे नसतात. त्यांच्या कडेने अंग चोरून चालायचे आणि तिकडे पाहायचे नाही, ही सवय मी मुंबईहूनच घेऊन आले होते.

२०१० मध्ये एके दिवशी त्या कुंपणावर माणसे चालताना दिसली. ती सिग्नलमधली माणसे होती. रस्ता ओलांडण्याची परवानगी देणारी आणि एरवी हातभर पेटीत, खांबावर उंच टांगलेली ती आकृती तिथे माझ्या उंचीची होऊन, माझ्या शेजारून, एका ओळीत चालली होती. प्रत्येक आकृती वेगळ्या शहरातल्या सिग्नलची होती आणि अशा एकूण ९९ आकृत्या होत्या. त्या जागेचा पत्ताही ९९, चर्च स्ट्रीट असाच होता. माया बार्काई या इस्रायलमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या कलावतीची ही रचना. ठिकठिकाणच्या लोकांकडून त्यांच्या शहरातल्या सिग्नलची छायाचित्रे मिळवून, त्यांतली पादचाऱ्याची आकृती वेगळी काढून आणि मोठी छापून तिने ही रांग जुळवली होती. नावही साधे होते : ‘वॉकिंग मेन ९९’.

त्या सकाळी मला कामावर पोहोचायला उशीर झाला. मी कोपऱ्यापर्यंत गेले, परत बार्कले स्ट्रीटपर्यंत आले आणि पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेले. वर्षानुवर्षे रोज पाहिलेली वस्तू आपण कधीच पाहिलेली नव्हती, हे त्या फेऱ्यांमध्ये मला कळले. सिग्नलमधल्या माणसाला चेहरा नसतो, वय नसते, नाव नसते. तो कोणीही असावा आणि म्हणून प्रत्येकाला आपला वाटावा, याच हेतूने तो घडवलेला असतो. पण नव्व्याण्णव जण शेजारी शेजारी उभे केल्यावर त्यांतले कोणतेही दोन सारखे दिसेनात. कोणाचे पाऊल लांब, कोणाचे जेमतेम उचललेले. कोणाचे डोके धडापासून सुटून वर तरंगणारे, तर कोणाला व्यवस्थित मान होती. काही आकृत्या भरीव होत्या आणि काही दिव्यांच्या ठिपक्यांनी बनलेल्या होत्या. कुठे खांदे कडक होते आणि कुठे माणूस किंचित पुढे झुकलेला होता. सगळ्या जगाला एकसारखे समजावे म्हणून केलेल्या चिन्हातही प्रत्येक शहराने आपल्या हाताचे वळण ठेवले होते.

त्याच उन्हाळ्यात आई आणि बाबा माझ्याकडे आले. बाबांची सगळी नोकरी बेस्टमध्ये झाली. वाहक म्हणून सुरुवात करून ते वाहतूक निरीक्षक झाले आणि त्या पदावरूनच निवृत्त झाले, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाकडे पाहण्याची त्यांची स्वतःची एक नजर होती. मी त्यांना सर्वांत आधी त्या कुंपणापाशी नेले. आई सेंट पीटर्स चर्चच्या पायऱ्यांवर टेकली आणि बाबा हात मागे बांधून प्रत्येक आकृतीपुढे थांबत थांबत चालू लागले. “हा सकाळी आठचा माणूस आहे, याची गाडी सुटणार आहे,” असे ते एकापुढे म्हणाले. दुसऱ्यापुढे म्हणाले, “याला कोणी बोलावलेले नाही, हा आपला चालायला निघाला आहे.” मुंबईचा सिग्नल शोधू या का, असे मी विचारले, तर त्यांनी मान हलवली. “आपला माणूस मी तीस वर्षे पाहिला आहे गं, आता मला बाकीच्यांना पाहू दे.” नव्व्याण्णव आकृत्या पाहायला त्यांना जवळजवळ पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात त्यांच्या मागून जाणाऱ्या कितीतरी लोकांची पावले मंद झालेली मी पाहिली. थांबलेला माणूस दिसला की दुसरा थांबतो, हे मुंबईत जितके खरे आहे तितकेच तिथेही होते.

बाबांना ज्या आकृतीची हकीकत सर्वांत आवडली, ती पूर्व बर्लिनच्या टोपीवाल्याची. घरी परतल्यावर मी ती त्यांना वाचून दाखवली होती. पूर्व जर्मनीत कार्ल पेग्लाऊ नावाचे एक वाहतूक मानसशास्त्रज्ञ होते. वाहनांसाठीच्या दिव्यांकडे पाहून पादचाऱ्यांनीही आपला निर्णय घ्यावा, ही पद्धत त्यांना पटत नव्हती. चालणाऱ्यांमध्ये मुले असतात, म्हातारी माणसे असतात, ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत असे लोक असतात. त्यांना रंगाबरोबर आकारानेही सांगितले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६१ मध्ये त्यांनी दोन आकृत्या मांडल्या. लाल आकृती दोन्ही हात आडवे पसरून उभी असते, जणू फाटकच लावले आहे. हिरवी आकृती लांब ढांग टाकत निघालेली असते. दोघांच्याही डोक्यावर टोपी, डोके मोठे आणि अंग गुबगुबीत असते. हा गुबगुबीतपणा केवळ लाडिकपणासाठी नव्हता. आकृती जितकी रुंद, तितका काचेतून जास्त प्रकाश बाहेर पडतो आणि धुक्यात किंवा संध्याकाळी ती लांबून ओळखू येते. मुलांना तिच्याविषयी आपुलकी वाटावी, म्हणजे ती तिचे ऐकतील, हाही विचार त्यामागे होता. सरकारी कचेरीत बसून एक माणूस रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या मनाचा इतका बारकाईने विचार करतो, याचे बाबांना फार अप्रूप वाटले.

जर्मनीचे एकीकरण झाल्यावर पूर्वेकडच्या बऱ्याच गोष्टींप्रमाणे हे टोपीवालेही काढून टाकायला सुरुवात झाली आणि त्यांच्या जागी पश्चिमेकडची सडपातळ, प्रमाणित आकृती येऊ लागली. मार्कुस हेकहाउझेन या डिझायनरने, म्हणजे पश्चिमेकडूनच आलेल्या एका माणसाने, काढून टाकलेल्या सिग्नलच्या काचा मिळवून त्यांचे दिवे बनवले. लोकांनी ही आकृती वाचवण्यासाठी समिती स्थापन केली आणि १९९७ पासून ती टिकवण्याचा निर्णय झाला. पुढे २००५ पासून ती पश्चिम बर्लिनच्या चौकांतही दिसू लागली. देश गेला, चलन गेले, भिंत पडली आणि रस्ता ओलांडणारा माणूस तेवढा राहिला. लोकांचा जीव पुतळ्यांपेक्षा अशा रोजच्या वापरातल्या चिन्हांत अधिक गुंततो, असे मला वाटते. पुतळ्याकडे आपण मान वर करून पाहतो. सिग्नलमधल्या माणसाबरोबर मात्र आपण रोज चालतो.

न्यूयॉर्कचा स्वतःचा चालणारा माणूस त्या मानाने अगदी तरुण आहे. तिथल्या सिग्नलवर आधी शब्द असत, ‘वॉक’ आणि ‘डोन्ट वॉक’. २००० ते २००४ या काळात त्या हजारो पाट्या बदलून चालणारा पांढरा माणूस आणि थांबवणारा केशरी हात आला. ज्या शहरात इतक्या भाषांची माणसे राहतात, तिथे इंग्रजी वाचता येणे ही रस्ता ओलांडण्याची अट नसावी, हे मला योग्यच वाटते. माझ्या आईला इंग्रजी अक्षरे जुळवून वाचता येतात, पण चौकात उभे असताना जुळवायला वेळ मिळत नाही. त्या पांढऱ्या माणसाच्या भरवशावर ती दुसऱ्याच आठवड्यात एकटी नेवार्क ॲव्हेन्यूवर भाजी आणायला जाऊ लागली होती. जर्सी सिटीतही तोच माणूस होता.

आता त्या कुंपणाच्या मागे काय होते ते सांगायला हवे, कारण त्यावाचून या चित्रांचा अर्थ पुरता लागत नाही. ९९, चर्च स्ट्रीट या पत्त्यावर १९५१ मध्ये बांधलेली एक कार्यालयीन इमारत होती आणि मूडीज या पतमापन संस्थेचे ते मुख्यालय होते. संस्था जवळच्या सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये गेल्यावर ती इमारत पाडण्यात आली आणि त्या जागी सुमारे ८० मजल्यांचा मनोरा उभारण्याचे काम सुरू झाले. तोपर्यंत जगभर पतपुरवठा आटला होता. पायाचे काम झाल्यावर २००९ मध्ये बांधकाम थांबले आणि ते २०१३ पर्यंत थांबूनच राहिले. म्हणजे मी रोज ज्याच्या कडेने जात होते ते बांधकाम नव्हतेच, तो एक थांबलेला खड्डा होता. आतली प्रत्येक गोष्ट थांबलेली असताना बाहेरच्या फळ्यांवर नव्व्याण्णव माणसे पाऊल उचलून चालत होती.

लोअर मॅनहॅटनमध्ये त्या वर्षांत अशी कुंपणे जागोजागी होती. २००१ च्या हल्ल्यानंतरची पुनर्बांधणी, भुयारी रेल्वेची कामे आणि रहिवासी इमारती असे सगळे एकाच वेळी चालू होते. डाउनटाउन अलायन्स या तिथल्या संस्थेने २००७ मध्ये ‘री:कन्स्ट्रक्शन’ नावाचा उपक्रम हाती घेऊन बांधकामांच्या कुंपणांवर कलावंतांकडून काम करून घ्यायला सुरुवात केली आणि ‘वॉकिंग मेन ९९’ त्याचाच एक भाग होता. अशा उपक्रमांवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला हलका वाटत नाही. कुंपण सुंदर केले की त्यामागचे रखडलेले काम लोकांना खुपेनासे होते आणि ज्याने रस्ता अडवला त्याचीच सोय होते, असा तो आक्षेप आहे. बहुतेक रंगवलेल्या कुंपणांच्या बाबतीत मी तो मान्य करीन. फुले, फुलपाखरे, डोंगर किंवा येऊ घातलेल्या इमारतीच्या गच्चीत हसणारे कुटुंब अशी चित्रे जागेवर पडदा टाकतात. आपण कुठे उभे आहोत हे आपल्याला विसरायला लावणे, हेच त्यांचे काम असते. बार्काईच्या आकृत्यांनी मला काहीच विसरायला लावले नाही. मी फुटपाथवर आहे, माझी जागा आक्रसली आहे आणि तरी हा रस्ता चालणाऱ्याचा आहे, हे त्यांनी रोज दोनदा माझ्या लक्षात आणून दिले. चालणाऱ्यांना बाजूला सारणाऱ्या कुंपणावर चालणारेच उभे करण्याची ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

बांधकामाच्या आत डोकावण्याची माणसाची हौस जुनी आहे. १९३८ मध्ये रॉकफेलर सेंटरच्या बांधकामापाशी कुंपणाला मुद्दाम झरोके ठेवून, तिथे उभे राहून खोदकाम पाहणाऱ्यांचे एक मंडळच काढले गेले होते. बांधकामाचे कुंपण गडद हिरव्या रंगाचे आणि आत पाहण्यासाठी पारदर्शक चौकटी असलेले असावे, असा नियम न्यूयॉर्कमध्ये २०१३ मध्ये लागू झाला. लालबाग असो की लोअर परळ, खोदकाम करणाऱ्या यंत्राभोवती आपल्याकडे जी गर्दी जमते तीही याच हौसेची. पण चर्च स्ट्रीटवर आत पाहण्यासारखे काही नव्हते आणि म्हणूनच बहुधा बाहेरच्या माणसाकडे पाहणे शक्य झाले.

२०१० च्या त्या ऑगस्टची आणखी एक आठवण आहे. कुंपणाच्या उत्तरेकडचा कोपरा वळला की जो पार्क प्लेस लागतो, त्याच रस्त्यावर एक इस्लामी सांस्कृतिक केंद्र उभारण्याची योजना तेव्हा जाहीर झालेली होती आणि तिच्या बाजूने व विरोधात देशभर वाद पेटला होता. घोषणा देणारे लोक, पोलिसांचे अडथळे आणि दूरचित्रवाणीच्या गाड्या यांतून वाट काढत मी कामावर जाई. या शहरात कोणी कुठे उभे राहावे याची भांडणे एका कोपऱ्यावर चालू होती आणि दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत नव्व्याण्णव गावांची माणसे एका ओळीत चालली होती. परदेशात नव्याने आलेल्या मला त्या रांगेच्या शेजारून चालताना धीर येत असे.

एक गोष्ट मात्र तेव्हाही मनात खटकली होती आणि ती नावातच होती. ती सगळी माणसे ‘मेन’ होती. निदान त्यांच्याकडे पाहणारे सगळे त्यांना पुरुष म्हणत होते. चेहरा नसलेली, वस्त्र नसलेली आकृती आपण आपोआप पुरुषाची मानतो आणि स्त्री दाखवायची झाली की तिला काहीतरी जोडतो. जर्मनीतल्या झ्विकाउ शहरात २००४ मध्ये वेण्यांची मुलगी सिग्नलमध्ये आली. मेलबर्नमध्ये २०१७ मध्ये दहा आकृत्यांना झगा चढवला गेला. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये आईचा दूरध्वनी आला : “अगं, आपल्या दादरच्या सिग्नलात बाई आली आहे.” बृहन्मुंबई महानगरपालिकेने दादर-माहीम भागातल्या पादचारी सिग्नलांमध्ये स्त्रीची आकृती बसवली होती आणि देशात असे प्रथमच घडत होते. बाबा त्याआधी चार वर्षांपूर्वी गेले होते. नाहीतर ते त्या प्रत्येक सिग्नलखाली हात मागे बांधून उभे राहिले असते.

आईने पाठवलेले छायाचित्र मी पुष्कळ वेळ पाहिले. आनंद झाला, यात शंका नाही. पण ती आकृती स्वच्छतागृहाच्या दारावर असते तशी त्रिकोणी झग्यातली होती. ज्या रस्त्यावर साडी, सलवार, जीन्स आणि बुरखा अशा सगळ्या वेशांतल्या स्त्रिया सकाळी एकाच वेळी रस्ता ओलांडतात, त्या रस्त्यावर झगा फारसा कोणी घालत नाही. शिवाय स्त्रीची ओळख तिच्या कपड्याच्या घेरावरून पटवावी, हेही मला मनापासून रुचत नाही. या बाबतीत रस्त्यांवरच्या पाट्यांची आखणी करणाऱ्या ब्रिटनच्या मार्गारेट कॅल्व्हर्ट यांचे काम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. १९६५ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर नव्याने आखलेल्या पाट्या आल्या, त्याआधी शाळेजवळच्या पाटीवर मुलगा मुलीला घेऊन चाललेला असे. कॅल्व्हर्ट यांनी तो क्रम उलटवला. त्यांच्या पाटीवर मोठी मुलगी पुढे आहे आणि ती एका लहान मुलाचा हात धरून त्याला रस्त्याकडे नेत आहे. त्या मुलीलाही स्कर्ट आहे, पण पाहणाऱ्याच्या लक्षात राहते ते तिचे पुढे असणे.

दादर-माहीममध्ये त्याच काळात मेट्रो तीनचे काम चालू होते. गोखले रस्त्यावर आणि शीतलादेवीच्या परिसरात कित्येक वर्षे पत्रे उभे होते. सुट्टीत घरी गेले की आई मला त्या पत्र्यांच्या कडेने बाजारात नेई आणि मी त्यांच्यावर ती रांग मनातल्या मनात उभी करून पाही. तिथे नव्व्याण्णव शहरांची माणसे हवी होती असे नाही. टोपलीवाली, डबेवाला, दप्तर लावलेले मूल, काठी टेकणारे आजोबा, खांद्याला पिशवी लावून गाडी पकडायला निघालेली बाई एवढीच माणसे, पण पूर्ण उंचीची आणि बिनचेहऱ्याची हवी होती. ज्यांच्यासाठी वाट अरुंद झाली त्यांनाच तिथे मोठे करून उभे केले असते, तर त्या पत्र्यांशेजारून अंग चोरून जाणे मलाही कदाचित जमले नसते.

चर्च स्ट्रीटवरचे काम पुन्हा सुरू झाले, मनोरा वर गेला आणि २०१६ मध्ये तिथे आलिशान हॉटेल उघडले. इमारतीची उंची २८६ मीटर आहे आणि तिचा पत्ता आता ३०, पार्क प्लेस असा लागतो. चालणाऱ्यांची रांग त्याआधीच गेली होती. तिच्या जागी आता दगडी भिंत आणि दारे आहेत, फुटपाथ पुन्हा रुंद झाला आहे आणि कोपऱ्यावर तोच पांढरा माणूस उजळतो.

गेल्या वर्षी मी माहीमला गेले तेव्हा मेट्रोची शीतलादेवी आणि दादर ही स्थानके सुरू झालेली होती. संध्याकाळी आईबरोबर शिवाजी पार्ककडे निघाले. चौकात सिग्नलमधली बाई हिरवी झाली आणि मी पाऊल टाकले, तेवढ्यात डावीकडून वळणारी एक मोटार न थांबता पुढून गेली. आईने सिग्नलकडे पाहिलेच नव्हते, तिची नजर वाहनांवर होती. तिने माझे मनगट घट्ट धरले, दुसरा हात मोटारींच्या दिशेने उंच केला आणि मला मागे ठेवून ती पुढे निघाली.